ब्लॉग सुरू करणे सोपे. टिकविण्यासाठी हवा आराखडा

ब्लॉग सुरू करण्यास दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ई-मेलचे एक खाते, ब्लॉगला साजेसे नाव आणि कळफलकावरून देवनागरी उमटविण्याची सोय एवढ्या भांडवलावर कोणालाही आपले लेखन जगापुढे ठेवता येते. त्यासाठी संपादकाची संमती लागत नाही, छपाईचा खर्च येत नाही आणि साभार परत येणाऱ्या पाकिटाची धास्तीही नसते. तथापि उत्साहाने सुरू झालेले अनेक ब्लॉग काही महिन्यांतच थंडावतात. पहिल्या आठवड्यात चार नोंदी, पुढच्या महिन्यात एक, त्यानंतर दिरंगाईबद्दल दिलगिरी व्यक्त करणारी एक नोंद आणि मग शुकशुकाट, असा त्यांचा क्रम असतो.

याचे खापर बहुधा लेखकाच्या आळसावर फोडले जाते. खरे कारण नियोजनाच्या अभावात असते. ब्लॉगचे नियोजन दुहेरी आहे. लिहिणे चालू कसे राहील हा त्याचा एक भाग आणि लिहिलेले शाबूत कसे राहील हा दुसरा. पहिल्याचा विचार थोडाफार होतो. दुसऱ्याची आठवण बहुतेकांना ब्लॉग उघडेनासा झाल्यावरच येते. लेखनात पडलेला खंड भरून काढता येतो, पण नाहीसा झालेला मजकूर परत मिळेलच असे नाही.

रोजनिशी ते अनुदिनी

अमेरिकेत जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये महाजालावर स्वतःच्या आयुष्याविषयी जाहीरपणे लिहिण्यास सुरुवात केली. त्याची गणना आद्य ब्लॉगलेखकांत होते. 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला आणि पीटर मरहोल्झ यांनी १९९९ मध्ये गमतीने त्याची फोड करून 'ब्लॉग' हे लघुरूप रूढ केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली. २००३ च्या फेब्रुवारीत ती गुगलने विकत घेतली आणि मे महिन्यात 'वर्डप्रेस'ची पहिली आवृत्ती आली. मराठी ब्लॉगांचे मोठे प्रमाण या दोन सेवांवरच उभे राहिले.

मराठीत ब्लॉगला 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' असे दोन देखणे प्रतिशब्द मिळाले. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये लिहिला जाई आणि तो फॉन्ट संगणकावर नसेल तर वाचकापुढे निरर्थक चिन्हांची रांग उमटे. विंडोज २००० पासून संगणकप्रणालीतच देवनागरी युनिकोडची सोय आली आणि ही अडचण हळूहळू दूर झाली. त्यानंतरच्या दशकात पाककृती, गडभ्रमंती, कविता, नाट्यपरीक्षणे, परदेशातील संसार, गावाकडच्या आठवणी असे नाना विषय मराठी ब्लॉगांवर आले. छापील नियतकालिकांच्या पानांवर क्वचितच जागा मिळणारी माणसे येथे लिहिती झाली. म्हणूनच या लेखनाचे जतन हा केवळ त्या त्या लेखकापुरता प्रश्न उरत नाही.

विषयाची चौकट, वेळेचे गणित

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे ब्लॉग कशासाठी आणि कोणासाठी, हे दोन-तीन वाक्यांत कागदावर लिहून काढणे. 'जे मनात येईल ते' हा विषय आकर्षक वाटतो. पण त्यावर फार काळ लिहिता येत नाही, कारण लिहायला बसताच विषय शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. 'माझ्या तालुक्यातील जुनी मंदिरे', 'आजीच्या वहीतील पाककृती', 'लोकलच्या प्रवासात वाचलेली पुस्तके' अशी चौकट ठरली, की पुढचा विषय आपोआप समोर उभा राहतो. चौकट ठरविताना पहिल्या दहा नोंदींची शीर्षके लिहून पाहावीत. दहा शीर्षके सुचली नाहीत, तर चौकट फार अरुंद आहे किंवा विषयात लेखकाला पुरेसा रस नाही असे समजावे.

दुसरी पायरी वेळेची. रोज लिहिण्याचा संकल्प नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला सहसा झेपत नाही. संकल्प मोडला की अपराधी वाटते आणि त्या भावनेतून ब्लॉगच टाळला जातो. त्यापेक्षा पंधरवड्याला एक नोंद हे साधे प्रमाण हिताचे. त्या हिशेबाने वर्षाला २६ नोंदी होतात. नोंद सरासरी ६०० शब्दांची धरली, तर वर्षाचे लेखन १५,६०० शब्दांचे आणि पाच वर्षांचे ७८,००० शब्दांचे होते. म्हणजे शनिवारची एक सकाळ आड आठवड्याने राखून ठेवणाऱ्याच्या हाती पाच वर्षांत पुस्तकाएवढा ऐवज येतो.

तिसरी पायरी शिलकीची. घरात जसा महिन्याचा किराणा भरलेला असतो, तशा दोन-तीन तयार नोंदी नेहमी हाताशी असाव्यात. परीक्षा, आजारपण, लग्नकार्य किंवा कार्यालयातील मार्चअखेर यांत लिहिणे थांबते. शिल्लक असेल तर ब्लॉग थांबत नाही. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्ही सेवांवर नोंद आगाऊ तयार करून तिच्या प्रसिद्धीचा दिवस व वेळ ठरवून ठेवता येते.

वर्षाचे वेळापत्रक

मराठी वाचकाला वार्षिक नियोजन नवे नाही. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून दिवाळीसाठी काही महिने आधीच मजकूर जमविण्याची शिस्त आपल्या नियतकालिकांना लागली. तीच रीत ब्लॉगलाही लागू करता येते. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १ मे, आषाढी एकादशी, गणेशोत्सव, दिवाळी हे दिवस दरवर्षी येतात. आपल्या विषयाचा त्यांतील कोणत्या दिवसाशी खरा संबंध आहे, हे वर्षाच्या प्रारंभीच दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावे. ओढूनताणून जुळविलेल्या प्रासंगिक नोंदी मात्र टाळाव्यात; शुभेच्छांचे चित्र म्हणजे नोंद नव्हे.

वेळापत्रकात जुन्या नोंदींसाठीही जागा हवी. गडावर जाणाऱ्या एस. टी.ची वेळ, ग्रंथालयाचा पत्ता, पदार्थाच्या साहित्याचे प्रमाण अशी माहिती असलेल्या नोंदी वाचक कित्येक वर्षांनीही शोधून वाचतात. वर्षातून एकदा त्या तपासाव्यात आणि दुरुस्ती केल्यास तिची तारीख नोंदीत द्यावी. मूळ मजकूर गुपचूप बदलल्यास खालच्या जुन्या प्रतिक्रिया निरर्थक ठरतात.

इतरांचे लेखन, इतरांची नावे

मराठी भाषा गौरव दिनी कुसुमाग्रजांची अख्खी कविता ब्लॉगवर उतरविण्याची पद्धत पडली आहे. त्यामागे आदर असला, तरी कायदा वेगळा आहे. भारतातील १९५७ च्या कायद्यानुसार साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क २०५९ अखेरपर्यंत अबाधित आहे. १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे तसे लेखन २०११ च्या प्रारंभापासून मुक्त झाले. इतरांची छायाचित्रे वापरतानाही परवानगीचा प्रश्न येतोच. श्रेय दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही.

शेजारी, नातेवाईक, सहकारी यांच्याविषयी लिहिताना कोणते नाव द्यायचे व कोणते गाळायचे, हेही आधी ठरवावे. मुलांची शाळा, घराचा पत्ता, गावाला जाण्याच्या तारखा यांचा उल्लेख टाळलेला बरा. प्रतिसादांबाबतही धोरण हवे. ते तपासून प्रसिद्ध करायचे, की थेट येऊ द्यायचे, जाहिरातबाज मजकूर कितपत सहन करायचा आणि उत्तर किती दिवसांत द्यायचे, हे ठरले म्हणजे वादाच्या क्षणी निर्णय रागावर सोपवावा लागत नाही.

पत्ता कोणाचा?

येथून नियोजनाचा दुसरा आणि अधिक दुर्लक्षित भाग सुरू होतो. मोफत सेवेवरील ब्लॉग हे भाड्याचे घर आहे. घरमालकाने जागा रिकामी करण्यास सांगितल्यास भाडेकरूचे काही चालत नाही. याहूची जिओसिटीज ही सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. याहू ३६० त्याच वर्षी जुलैमध्ये, तर पोस्टरस एप्रिल २०१३ मध्ये बंद पडली. केवळ मोफत सेवांनाच हा धोका आहे असेही नाही. पैसे घेऊन ब्लॉग चालविणारी टाइपपॅड ही २००३ पासूनची सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी कायमची थांबली.

भारतातील ब्लॉगलेखकांना बसलेले दोन फटके विशेष बोलके आहेत. जुलै २००६ मध्ये मुंबईतील लोकलगाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर काही मोजकी संकेतस्थळे रोखण्याचा सरकारी आदेश निघाला. इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी मात्र ब्लॉगस्पॉटसारखी संपूर्ण स्थळेच अडविली, त्यामुळे ज्यांचा त्या आदेशाशी काडीचाही संबंध नव्हता असे ब्लॉगही काही दिवस दिसेनासे झाले. दुसरा फटका २०२० मधला. गुगलने २०१२ पासून भारतातील वाचकांना ब्लॉगस्पॉटच्या 'डॉट इन' पत्त्यावर वळविण्यास सुरुवात केली होती. अनेकांनी तेच दुवे मित्रांना पाठविले, लेखांत छापले, इतर ब्लॉगांवर दिले. २०२० मध्ये तो पत्ता गुगलच्या हातून सुटला आणि ते सारे दुवे निकामी झाले. ब्लॉग 'डॉट कॉम'वर सुरक्षित होते. पण जुन्या दुव्यावरून येणाऱ्या वाचकाला ब्लॉग नाहीसा झाला असेच वाटले.

यावरील उपाय म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, अर्थात डोमेन. तो ठरावीक वार्षिक शुल्क भरून घेता येतो आणि ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवरील ब्लॉगला जोडता येतो. पुढे सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. २०१४ पासून देवनागरीतील 'डॉट भारत' पत्तेही उपलब्ध झाले आहेत. एकावेळी जास्तीत जास्त १० वर्षांची नोंदणी करता येते. मात्र नूतनीकरण चुकल्यास सवलतीची मुदत संपताच तो पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि पंधरा वर्षांच्या कवितांच्या जागी जुगाराची जाहिरात दिसू लागते. ज्याला दरवर्षी शुल्क भरण्याची खात्री नाही, त्याने मोफत पत्त्यावरच राहणे अधिक शहाणपणाचे.

प्रत कोठे आहे?

छापील पुस्तकांसाठी देशात १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे. वृत्तपत्रांचा समावेशही त्यात नंतर झाला. ब्रिटनने २०१३ मध्ये असाच नियम संकेतस्थळांना लावला. आपल्याकडचा कायदा छापील पुस्तके आणि वृत्तपत्रांभोवती रचलेला असल्याने ब्लॉगची प्रत जपण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावरच पडते.

ही जबाबदारी फार अवघड नाही. ब्लॉगर व वर्डप्रेस या दोन्ही सेवांत सर्व नोंदी एका फाइलीत उतरवून घेण्याची सोय आहे. दर तीन महिन्यांनी ती फाइल घ्यावी, नावात तारीख घालावी आणि एक प्रत संगणकावर व दुसरी वेगळ्या जागी, उदाहरणार्थ पेनड्राइव्हवर ठेवावी. येथे एक खाचखळगा आहे. या फाइलीत नोंदींचा मजकूर असतो. छायाचित्रांचे बहुधा केवळ दुवे असतात. छायाचित्रे वेगळी जपावी लागतात. फोटोबकेट या सेवेने २०१७ मध्ये मोफत खात्यांवरील छायाचित्रे अन्य संकेतस्थळांवर दाखविणे एकाएकी बंद केले, तेव्हा जगभरातील ब्लॉगांवर चित्रांच्या जागी शुल्काची मागणी करणारी पाटी झळकली. पुढे प्रवासवर्णने उरली, पण प्रवास दिसेनासा झाला.

जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर कोणाकडे असेल, तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याचे काम आधी हाती घ्यावे. रूपांतरात जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार यांच्या चुका राहतात, म्हणून वाचून दुरुस्ती करणे अपरिहार्य असते. निवडक नोंदींची छापील प्रत काढून ठेवणे हा जुना उपायही त्याज्य नाही. कागद उघडायला परवलीचा शब्द लागत नाही.

याखेरीज इंटरनेट आर्काइव्ह या १९९६ पासून काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या 'वेबॅक मशीन'मध्ये ब्लॉगच्या पानाचा पत्ता देऊन त्याची नोंद करून घेता येते. बंद पडलेल्या कित्येक संकेतस्थळांची पाने आज तेथेच पाहावयास मिळतात. हा आधार मोलाचा असला, तरी तो स्वतःच्या प्रतीला पर्याय नव्हे. तेथे प्रत्येक पान आणि प्रत्येक चित्र असतेच असे नाही.

किल्ल्या कोणाकडे?

ब्लॉग ज्या खात्यावर उभा आहे ते खाते गेले, तर ब्लॉगही धोक्यात येतो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ पासून ते अमलात येऊ लागले. ब्लॉगसाठी स्वतंत्र खाते उघडून नंतर विसरून गेलेल्यांनी त्यात अधूनमधून प्रवेश करणे म्हणूनच आवश्यक आहे. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही तपासावा. बंद केलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि मग खाते परत मिळविण्याचा संकेतांक भलत्याच्याच फोनवर जातो.

याहून नाजूक प्रश्न लेखकाच्या पश्चात काय, हा आहे. निवृत्तीनंतर लिहू लागलेल्या अनेकांनी गावाचा, घराण्याचा, गिरणीतल्या दिवसांचा इतिहास ब्लॉगवर लिहिला आहे. मुला-नातवंडांना तो वाचता येतो. मात्र त्याचा ताबा त्यांच्याकडे नसतो. बँकेच्या ठेवीला वारस नेमण्याची आपल्याला सवय आहे, तशीच ब्लॉगसाठीही करावी. गुगलच्या खात्यात एप्रिल २०१३ पासून 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' ही सोय आहे. खाते ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरले गेले नाही, तर कोणाला कळवायचे आणि कोणता मजकूर द्यायचा, हे तेथे आधी नोंदविता येते. त्यासाठी जास्तीत जास्त दहा व्यक्ती निवडता येतात. ब्लॉगरवर आणखी एका विश्वासू व्यक्तीला प्रशासक म्हणून जोडून ठेवणे हा अधिक सोपा मार्ग आहे. स्वामित्वहक्क लेखकानंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. मजकूरच हाती नसेल, तर त्या हक्काला अर्थ उरत नाही.

थांबायचे असेल तर

प्रत्येक ब्लॉग अखंड चालला पाहिजे असे नाही. विषय संपतो, रस बदलतो, आयुष्याला दुसरे वळण लागते. अशा वेळी मधेच सोडून देण्याऐवजी एक शेवटची नोंद लिहून समारोप करावा. ब्लॉग कोणत्या काळात लिहिला, त्यात काय आहे, महत्त्वाच्या नोंदी कोणत्या, हे तीत सांगावे आणि विषयवार अनुक्रमणिका द्यावी. नव्या प्रतिक्रिया बंद कराव्यात, म्हणजे जाहिरातींचा कचरा साचत नाही. रागाच्या किंवा निराशेच्या भरात ब्लॉग पुसून मात्र टाकू नये. लेखकाला क्षुल्लक वाटणारी एखाद्या बंद पडलेल्या खाणावळीची किंवा पाडलेल्या वाड्याची नोंद दुसऱ्या कोणासाठी एकमेव साधन असू शकते.

चौकट : वर्षभराची निगा

जानेवारी : वर्षाच्या विषयांची यादी, दोन नोंदी शिलकीत टाकणे.

एप्रिल : सर्व नोंदींची फाइल उतरविणे, छायाचित्रांची वेगळी प्रत.

जुलै : जुन्या नोंदींतील माहिती व दुवे तपासणे, फाइलीची नवी प्रत.

ऑक्टोबर : डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, खात्याचा मोबाइल क्रमांक आणि पर्यायी ई-मेल यांची तपासणी, पुन्हा नवी प्रत.

डिसेंबर : वर्षाची अनुक्रमणिका, चौथी प्रत, प्रशासक व वारस म्हणून दिलेली नावे अद्याप योग्य आहेत का, याची खातरजमा.